नेटहॅक

संगणकावर एकट्याने खेळावयाचा, अद्भुत सृष्टीतील भुयारांच्या अन्वेषणाचा एक खेळ. त्याची पहिली आवृत्ती जुलै १९८७ मध्ये प्रसृत झाली आणि तेव्हापासून स्वयंसेवी लेखकांच्या एका गटाने तो वाढवीत व दुरुस्त करीत आणला आहे. आजही खेळल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या संगणकीय खेळांत त्याची गणना होते. खेळाडूने अनेक मजली भुयारात उतरून ‘येंडोरचा ताईत’ हस्तगत करावयाचा आणि तो वर आणून आपल्या इष्टदेवतेस अर्पण करावयाचा, असे त्याचे कथासूत्र थोडक्यात सांगता येईल. कथा साधी आहे. खेळाचे वैशिष्ट्य त्याच्या तीन गुणांत आहे. भुयार प्रत्येक वेळी नव्याने रचले जाते. पात्रास मृत्यू आला की तो डाव कायमचा संपतो. आणि खेळाची मूळ आज्ञावली (ज्या लेखनावरून संगणक खेळ चालवितो ते लेखन) कोणासही वाचण्यास, तिची नक्कल करण्यास व ती बदलण्यास मोकळी आहे. पहिल्या दोन गुणांमुळे खेळाडूपाशी अखेर अनुभवाने मिळालेले ज्ञान तेवढे उरते. तिसऱ्या गुणामुळे ते ज्ञान सार्वजनिक होते व खेळही टिकून राहतो.

पूर्वपीठिका : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार भुयार, त्यातील राक्षस व धन यांचे वर्णन करतो आणि कृतीचे यशापयश फासे टाकून ठरविले जाते. सूत्रधाराचे काम संगणकाकडे सोपविता येईल, ही कल्पना अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना लवकरच सुचली. तथापि त्या वेळचे शोधसंचाराचे संगणकीय खेळ एकाच ठरीव नकाशावर चालत. कोडे एकदा सुटले की त्यात पुन्हा खेळण्यासारखे काही उरत नसे, आणि रचनाकारास तर आपलाच खेळ खेळण्यात काही गोडी राहत नसे.

यावर उपाय म्हणून नकाशा संगणकानेच दर वेळी रचावा, या विचारातून १९८० च्या सुमारास ‘रोग’ हा खेळ निर्माण झाला. (हा इंग्रजी शब्द असून त्याचा अर्थ ठक किंवा लुच्चा असा आहे, मराठीतील ‘रोग’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही.) कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेतील मायकेल टॉय व ग्लेन विचमन हे त्याचे मूळ लेखक, पुढे बर्कली येथील केन आर्नल्ड त्यांना येऊन मिळाले. टर्मिनलच्या (दूरस्थ संगणकास जोडलेल्या पडदा व कळफलक यांच्या) पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटविण्यासाठी आर्नल्ड यांनी ‘कर्सेस’ नावाचा आज्ञासंच तयार केला होता. रोगचा पडदा त्याच्याच आधारे रचण्यात आला. बर्कली येथून वितरित होणाऱ्या युनिक्स या परिचालन प्रणालीबरोबर हा खेळ अनेक विद्यापीठांत पोहोचला. या घाटाच्या पुढील सर्व खेळांस ‘रोगलाइक’ (रोगसारखे) असे नाव पडले. मोरिया (१९८३), अँगबँड (१९९०), एडॉम (१९९४), लिन्लीज डंजन क्रॉल (१९९७) हे त्यांतील प्रमुख होत. २००८ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या परिषदेत या वर्गाची लक्षणे निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. यादृच्छिक रचना, अपरिवर्तनीय मृत्यू, पाळीपाळीने होणारी चाल व चौकटींचा पट ही त्यांतील मुख्य लक्षणे होत.

विकास : रोगची मूळ आज्ञावली आरंभी बाहेर दिली जात नसे. त्यामुळे मॅसॅचूसेट्स राज्यातील लिंकन-सडबरी या माध्यमिक विद्यालयाचे विद्यार्थी जे फेनलसन यांनी काही मित्रांच्या साहाय्याने १९८२ मध्ये तसाच एक खेळ स्वतंत्रपणे लिहिला व त्याला ‘हॅक’ हे नाव दिले. ॲम्स्टरडॅम येथील गणित संस्थेतील अँड्रीस ब्राउवर यांनी त्याचा विस्तार केला आणि १९८४ च्या अखेरीस तो यूजनेटवरून प्रसृत केला. यूजनेट म्हणजे संगणकांनी दूरध्वनीच्या तारांवरून एकमेकांना लेख पोहोचविण्याचे जाळे. हे लेख वाचणाऱ्या अनेकांनी हॅकमध्ये आपापल्या सुधारणा केल्या, त्या पुन्हा जाळ्यावर ठेवल्या आणि एकाच खेळाच्या परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक प्रती निर्माण झाल्या. माइक स्टीफन्सन यांनी त्या एकत्र करून १९८७ मध्ये जी संहिता सिद्ध केली, तीच नेटहॅक. नावातील ‘नेट’ हा अंश या जाळ्याचाच द्योतक आहे. ज्या जाळ्यावर हे सहकार्य झाले तशा जाळ्याचा भारतातील प्रारंभ मुंबईत झाला. तेथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (स्थापना १९८५) व भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्या संगणकांमध्ये १९८६-८७ च्या सुमारास दूरध्वनीवरून पत्रांची देवघेव सुरू झाली आणि ‘अर्नेट’ या शैक्षणिक जालाचा पाया घातला गेला.

स्टीफन्सन यांच्याबरोबर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक इट्सॅक मिलर आणि जॅनेट वॉल्झ हे प्रारंभीचे प्रमुख संपादक होते. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळास ‘डेव्हटीम’ (विकासगट) असे संबोधतात. मिलर यांचे १९९४ मध्ये निधन झाले. १९९६ ची ३.२ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. भुयारातील खाणकऱ्यांच्या गावात दिव्यांचे दुकान चालविणारा दुकानदार आजही त्यांचेच नाव धारण करतो. पुढील आवृत्त्यांपैकी ३.४.३ (२००३) व ३.६.० (२०१५) या महत्त्वाच्या होत. त्यांच्यामध्ये बारा वर्षांचे अंतर पडले. या काळात अधिकृत संहिता स्तब्ध असली, तरी खेळाडूंनी दोष दुरुस्त करून व भर घालून तिचे अनेक उपप्रकार चालू ठेवले. ३.६.७ ही दुरुस्त आवृत्ती २०२३ मध्ये निघाली.

पडदा व पात्रे : खेळाचे पारंपरिक रूप पूर्णतः अक्षरचिन्हांचे आहे. ऐंशी स्तंभ व एकवीस ओळी एवढ्या पटावर आडव्या-उभ्या रेषांनी भिंती, टिंबांनी जमीन आणि ‘@’ या चिन्हाने खेळाडूचे पात्र दर्शविले जाते. रोमन लिपीतील एकेक अक्षर प्राण्यांच्या एकेका कुळास दिलेले आहे : लहान ‘डी’ म्हणजे कुत्रा, लांडगा इ. श्वानकुळ, तर मोठे ‘डी’ म्हणजे ड्रॅगन. मोठ्या ‘एन’ने दर्शविलेले नागकुळ हे भारतीय पुराणकथांतून पाश्चात्त्य अद्भुतकथांमार्फत या खेळात आले आहे. चित्रमय रूपेही उपलब्ध आहेत. परंतु अनेक अनुभवी खेळाडू अक्षरांचाच पट पसंत करतात, कारण थोड्या सरावानंतर तो पुस्तकाच्या पानासारखा वाचता येतो.

खेळाडूस तेरा भूमिकांपैकी एक निवडावी लागते. योद्धा, वैद्य, पुरोहित, जादूगार, सामुराई, पुरातत्त्वज्ञ इत्यादींबरोबर ‘पर्यटक’ ही एक भूमिका आहे. पर्यटकाजवळ पैसा भरपूर, शस्त्रकौशल्य जवळजवळ नाही आणि दुकानदार त्याला नवखा ओळखून चढे भाव सांगतात. मनुष्य, एल्फ, खुजे इ. पाच वंश असून पात्राची नीती धर्मनियत, तटस्थ वा स्वैर यांपैकी एक असते. तीवरून त्याची इष्टदेवता ठरते. भुयाराचे मजले सुमारे पन्नास असून मुख्य मार्गास खाणी, कोड्यांचे मजले, किल्ला इ. शाखा फुटतात. सर्वांत तळाशी गेहेन्नम हे नरकसदृश स्थान आहे. तेथून ताईत घेऊन वर परतणे व पंचमहाभूतांची आठवण करून देणाऱ्या चार लोकांतून पार होऊन दिव्य लोकात तो अर्पण करणे, यास ‘आरोहण’ म्हणतात. पुष्कळ खेळाडूंना पहिले आरोहण साधण्यास अनेक वर्षे लागतात.

यादृच्छिकता : मजल्यांची रचना, प्राण्यांची उत्पत्ती व वस्तूंची वाटणी संगणक यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने करतो. यांशिवाय वस्तूंची ओळखही प्रत्येक खेळात पालटते. एका डावात गुलाबी रसायन प्राण वाचविणारे असेल, तर पुढच्या डावात तेच आंधळे करील. त्यामुळे मागच्या डावातील रंग लक्षात ठेवून काहीच साधत नाही. ओळखण्याची रीत मात्र लक्षात ठेवता येते. उदा., मूळ किमती सर्व डावांत सारख्या असल्याने दुकानदार एखाद्या अनोळखी गुंडाळीला काय भाव देतो, यावरून तिच्यातील मंत्रांच्या शक्यता कमी करीत आणता येतात. जादूच्या कांडीने जमिनीवर काही लिहून पाहिल्यास अग्नीची कांडी अक्षरे जाळते, विजेची डोळे दिपविते, खोदणारी कोरते. पाळीव कुत्रा एखाद्या वस्तूवर पाऊल ठेवण्यास नाखूष दिसला, तर ती शापित आहे असे समजावे. निश्चित ज्ञान हाती नसताना अप्रत्यक्ष खुणांवरून अनुमान बांधणे, हा या खेळाचा गाभा होय.

नियमांची परस्परसंबद्धता : नेटहॅकची मूळ आज्ञावली ‘सी’ या संगणकभाषेत असून तिच्या ओळी लाखाहून अधिक भरतात. चित्रे व ध्वनी यांवर खर्ची पडणारा श्रम येथे जवळजवळ सर्वस्वी नियमांवर खर्ची पडला आहे. कोणतीही वस्तू कोणत्याही परिस्थितीत वापरली असता काय घडावे, याचा विचार लेखकांनी केलेला आढळतो. कॉकाट्रिस या कोंबड्यासारख्या सर्पाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या स्पर्शाने मनुष्याचा दगड होतो. मेलेल्या कॉकाट्रिसला उघड्या हाताने शिवले तरी तोच परिणाम. पण हातमोजे घालून त्याचे कलेवर शस्त्र म्हणून उचलले, तर शत्रूंचा दगड करता येतो. असे शस्त्र हाती असता खड्ड्यात पडल्यास मात्र कलेवर अंगावर येऊन खेळाडूचाच दगड होतो. यांपैकी प्रत्येक नियम स्वतंत्रपणे साधा आहे. त्यांच्या संयोगातून निघणारे परिणाम लेखकांनी पुढे जाऊन तपासले आहेत, यात त्यांचे कौशल्य आहे.

नवख्यांचे अनेक मृत्यू अशाच एखाद्या संयोगातून होतात. हवेत तरंगणारा निळा डोळा कोणावर हल्ला करीत नाही. परंतु त्याच्यावर जवळून प्रहार करणारा खेळाडू बराच काळ निश्चेष्ट होतो व इतर प्राणी त्याला सहज मारतात. जुने मांस विषबाधा करते. अन्न न मिळाल्यास भूक पात्रास दुर्बळ करते. संकटात प्रार्थना करता येते : प्राणशक्ती मूळच्या सातव्या हिश्शाहून कमी झाली किंवा भुकेने अशक्तपणा आला, तर देवता रक्षण करते, पण एका प्रार्थनेनंतर साधारण हजार फेऱ्यांच्या आत पुन्हा हाक मारल्यास ती बहुधा कोपते. खेळातील दैव बाहेरच्या कालगणनेशीही जोडलेले आहे. पौर्णिमेस खेळाडूचे दैव किंचित बलवत्तर असते, अमावास्येस कॉकाट्रिसपासूनचा धोका वाढतो आणि तेरा तारखेस शुक्रवार आल्यास प्रार्थना करणे धोक्याचे ठरते. यासाठी संगणकाच्या घड्याळावरून चंद्राची कला काढण्याचे गणित आज्ञावलीत अंतर्भूत आहे.

मृत्यू : बहुतेक आधुनिक खेळांत पात्र मेल्यास पूर्वी जतन केलेल्या स्थितीपासून पुन्हा खेळता येते. नेटहॅकमध्ये खेळ मध्येच थांबवून जतन करता येतो. तथापि तो पुन्हा उघडताच जतन केलेली प्रत नष्ट होते. चुकीची चाल मागे घेता येत नाही. त्यामुळे प्रत्येक निर्णयास वजन येते आणि घाईने केलेली क्षुल्लक कृती अनेक दिवसांचा डाव संपवू शकते. मेलेल्या पात्राचा एक अवशेष कधी कधी उरतो : तो जेथे मेला तो मजला, त्याच्या सामानासह व भुतासह, ‘अस्थी’ या नावाने संगणक राखून ठेवतो आणि पुढील एखाद्या डावात तो पुन्हा पुढे येतो. एकाच संगणकावर अनेक जण खेळत असल्यास एकाला दुसऱ्याची अस्थी भेटते, मृत्यूचे कारण कळते आणि शापाचा धोका पत्करून सामानही घेता येते.

भारतीय पटखेळांशी तुलना केल्यास हे वेगळेपण स्पष्ट होईल. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे असतात, आणि सोंगटी कोठे जाईल हे सर्वस्वी पडणाऱ्या दानावर अवलंबून असते. खेळाडूने निवडावयाचे असे काही नसते. सारीपाटात दान दैवाचे, पण कोणती सोंगटी चालवावयाची हा निर्णय खेळाडूचा असतो. नेटहॅक सारीपाटाच्या बाजूचा खेळ आहे. त्यात दाने असंख्य पडतात, तथापि कोणत्याही एका दानाने सर्वनाश होणार नाही अशा बेताने आधीच तजवीज करून ठेवणे, हे कुशल खेळाडूचे लक्षण मानतात. निष्णात खेळाडू लागोपाठ अनेक डाव पूर्ण करू शकतात, यावरून येथे दैवापेक्षा कौशल्याचा भाग मोठा असल्याचे सिद्ध होते.

भुयार ही कल्पना महाराष्ट्रीय वाचकास अपरिचित नाही. कन्नडहून वेरूळमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणाऱ्या दौलताबादच्या (प्राचीन देवगिरीच्या) किल्ल्यात ‘अंधारी’ नावाचा खडकात खोदलेला वळणावळणाचा मार्ग आहे. उभे तासलेले कडे व खंदक ओलांडून आलेल्या शत्रूस याच काळोखातून वर चढावे लागे. वरचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करून निखाऱ्यांच्या धुराने वाट अडवीत, असे सांगतात. अशा मार्गाचे बळ शत्रूच्या अज्ञानात असते. वाट एकदा माहीत झाली, म्हणजे ते बळ नाहीसे होते, आणि आज वाटाड्याच्या मागोमाग लहान मूलही अंधारीतून पार होते. नेटहॅकचे भुयार याच्या अगदी उलट तत्त्वावर उभे आहे. त्याचे सर्व नियम आज्ञावलीत उघडे आहेत, खेळाडूंनी ते टिपून त्यांची विस्तृत कोष्टके केली आहेत, तरीही ही सर्व माहिती असलेला खेळाडू पुष्कळदा हरतो. नियम ज्ञात व वाट अज्ञात, अशी ही रचना असल्याने एकाने दुसऱ्यास वाट दाखविता येत नाही. वाटेवर कसे वागावे, एवढेच शिकविता येते.

व्रते : आरोहण साधलेले खेळाडू खेळ अधिक कठीण करण्यासाठी स्वेच्छेने काही निर्बंध पाळतात. केवळ शाकाहार करणे, कोणत्याही प्राण्यास स्वतः न मारणे, काहीही न वाचणे वा न लिहिणे, देवाची प्रार्थना न करणे, काहीच न खाणे इत्यादींची खेळ स्वतःच नोंद ठेवतो व अखेरीस पाळलेल्या निर्बंधांची यादी देतो. एकच नियमसंच अनेक वेगवेगळ्या रीतींनी पार करता येतो, हे या व्रतांवरून दिसून येते. २००१ पासून सार्वजनिक संगणकांवर जालाद्वारे हा खेळ खेळण्याची व इतरांचे डाव पाहण्याची सोय आहे. त्यामुळे नवख्यांस जाणत्यांचा डाव चाल-चाल पाहून शिकता येते. दरवर्षी स्पर्धाही भरतात.

संशोधनातील उपयोग : बुद्धिबळ व गो या खेळांत यंत्राने मनुष्यावर मात केल्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांना अधिक अनिश्चित क्षेत्राची गरज भासू लागली. २०१५ मध्ये एका आज्ञावलीने मानवी मदतीशिवाय नेटहॅक प्रथमच पूर्ण केला; तिच्यात खेळाचे नियम मनुष्याने आधीच भरलेले होते. यंत्राने अनुभवातून स्वतः शिकावे, या हेतूने फेसबुकच्या संशोधन विभागाने २०२० मध्ये नेटहॅकवर आधारलेले एक प्रयोगसाधन प्रसिद्ध केले व २०२१ मध्ये त्यावर स्पर्धा भरविली. त्या स्पर्धेत मानवरचित नियमांनी चालणाऱ्या आज्ञावली स्वयंशिक्षित आज्ञावलींपेक्षा सरस ठरल्या आणि कोणतीच आज्ञावली आरोहणापर्यंत पोहोचली नाही. डाव हजारो चालींचा असतो, परिस्थिती दर वेळी नवी असते आणि एखाद्या कृतीचे फळ फार उशिरा दिसते. यामुळे स्वयंशिक्षणास हा खेळ कठीण जातो. चित्रांचे ओझे नसल्याने संगणक तो अतिशय वेगाने चालवितो, म्हणून प्रयोगास मात्र सोयीचा आहे.

भाषांतर व देवनागरी : नेटहॅकची जपानी व जर्मन भाषांतरे झालेली आहेत. मराठी रूपाचा विचार केल्यास दोन अडचणी उद्भवतात. पहिली लिपीची. अक्षरपट समान रुंदीच्या घरांचा असतो व प्रत्येक घरात एक चिन्ह बसते. देवनागरीतील ‘क्षि’ किंवा ‘स्त्री’ यांसारखी जोडाक्षरे अनेक चिन्हांच्या संयोगाने बनतात व त्यांची रुंदी सारखी नसते. टर्मिनलवर भारतीय लिप्या उमटविण्याचा हाच प्रश्न पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ या तंत्राने हाताळला होता, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतमानक निश्चित झाले. पुढे सर्व लिप्यांसाठी युनिकोड हे मानक आले. तरीही अक्षरपटावर जोडाक्षरे नीट बसविण्याचे काम प्रत्येक आज्ञावलीत वेगळे करावे लागते.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. खेळ आपली वाक्ये तुकडे जोडून बनवितो. इंग्रजीत क्रियापद तेच ठेवून वस्तूचे नाव बदलले की वाक्य पूर्ण होते. मराठीत ‘तू भाला उचललास’, ‘तू तलवार उचललीस’, ‘तू पुस्तक उचललेस’ अशी क्रियापदाची रूपे वस्तूच्या लिंगानुसार बदलतात. विभक्ती लागताना सामान्यरूप होऊन भाल्याने, तलवारीने, पुस्तकाने अशी रूपे सिद्ध होतात. म्हणजे केवळ शब्दांची यादी भाषांतरित करून भागत नाही. प्रत्येक नामाचे लिंग, अनेकवचन व सामान्यरूप आज्ञावलीस शिकवावे लागते. लिंग व विभक्ती यांचा असाच प्रश्न जर्मन भाषांतरकारांपुढेही होता. वाक्ये बनविणारा भाग त्यांना नव्याने रचावा लागला. अशा कामातून मराठीसाठी तयार होणारी रूपावली खेळापुरती मर्यादित न राहता शुद्धलेखन-तपासणी, यांत्रिक भाषांतर इ. कार्यांतही उपयोगी पडू शकते.

महत्त्व : १९८० नंतरच्या दशकात विकले गेलेले असंख्य संगणकीय खेळ ज्या यंत्रांसाठी लिहिले होते ती यंत्रे बंद पडताच दुर्मिळ झाले, अनेकांची मूळ आज्ञावलीही उरली नाही. नेटहॅकवर हा प्रसंग आला नाही. याचे मुख्य कारण त्याच्या परवान्यात आढळते. हा परवाना कोणासही संहितेची नक्कल, बदल व वितरण करण्याची मुभा देतो. मात्र बदललेली प्रतही इतरांस त्याच अटींवर मोकळी ठेवण्याचे बंधन घालतो. मुद्रणपूर्व काळात एखादा ग्रंथ टिकला, तो त्याच्या नकला होत राहिल्या म्हणून. नकलांबरोबर पाठभेद शिरले, तसे नेटहॅकचेही अनेक पाठभेद झाले, आणि त्यांतील चांगल्या सुधारणा पुढे मूळ संहितेत घेण्यात आल्या. जुन्या युनिक्स यंत्रांपासून भ्रमणध्वनीपर्यंत प्रत्येक नव्या साधनावर कोणीतरी हा खेळ आणून बसविला आहे. त्यासाठी शक्तिमान यंत्र लागत नाही व मूल्यही द्यावे लागत नाही. कन्नडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयातील जुन्या संगणकावरही तो चालतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास दीर्घकाळ सांभाळलेल्या मोठ्या आज्ञावलीचा नमुना म्हणून त्याची संहिता वाचता येते.

या खेळावर आक्षेपही घेतले जातात. त्याचे आवश्यक ज्ञान खेळातून स्वतः मिळविणे फार कष्टाचे असून नवख्या खेळाडूस माहितगारांच्या टिपणांवाचून पुढे जाता येत नाही, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. अक्षरांचा पट व अनेक कळींच्या आज्ञा यांमुळे आरंभीच पुष्कळ जण तो सोडून देतात. त्याचे संवर्धन सर्वस्वी स्वयंसेवकांच्या सवडीवर अवलंबून आहे, हेही त्याचे दुबळेपण आहे. २००३ ते २०१५ या काळातील स्तब्धतेने ते उघड केले. तथापि त्याच काळात मूळ गटाबाहेरील खेळाडूंनी संहिता जिवंत ठेवली, यावरून अशा कृतीचे आयुष्य तिच्या पहिल्या लेखकांच्या आयुष्याशी बांधलेले नसते, असे दिसते. वाचता येईल अशा रूपात संहिता उपलब्ध असणे आणि ती वाचून पुढे चालविणारे वाचक असणे, या दोन गोष्टींवर ते अवलंबून असते.